मिश्रधातू गोठताना

साखरेचा पाक तोच, पण संथपणे निवू दिला की दोऱ्यावर खडीसाखरेचे टपोरे खडे धरतात आणि थेंबथेंब सोडून झटकन गार केला की बत्तासे होतात. थर्मोइलेक्ट्रिक मिश्रधातूंच्या ओतकामातही निवण्याच्या रीतीला असेच महत्त्व आहे.

अशा पदार्थाचे एक टोक तापवून दुसरे गार ठेवले की वीज निर्माण होते, हे सीबेक यांच्या 1821 मधल्या प्रयोगांतून पुढे आले. 1834 मध्ये पेल्टिए यांना याची उलट बाजू दिसली: वीज सोडली की एक सांधा गार होतो. मोटारीतला छोटा फ्रीज याच तत्त्वावर चालतो. पदार्थाने व्होल्टेज चांगले द्यावे, वीज सहज वाहू द्यावी आणि उष्णता मात्र अडवावी. या तिन्ही गुणांचा मेळ ‘झेडटी’ या आकड्यातून कळतो.

नेहमीच्या तापमानाला बिस्मथ टेल्युराइड उत्तम चालते. त्याच्या स्फटिकात अणूंचे पाच-पाच थरांचे गठ्ठे असतात आणि दोन गठ्ठ्यांमधला बंध कमकुवत असतो. थरांच्या दिशेने वीज आडव्यापेक्षा कितीतरी सुलभ वाहते. म्हणून थर कोणत्या दिशेला लागले, यावर बरेच काही ठरते.

ओतकामाची सुरुवात क्वार्ट्‌झच्या नळीपासून होते. टेल्युरियम उडून जाऊ नये आणि हवेतला ऑक्सिजन मिसळू नये, म्हणून घटक भरून नळी निर्वात करून सीलबंद करतात. साधारण 585 अंश सेल्सिअसच्या वर तापवून रस नीट हलवतात.

खरी कसोटी गोठताना लागते. बिस्मथचे 2 आणि टेल्युरियमचे 3 अणू असे अचूक प्रमाण घेतले, तरी आधी गोठणाऱ्या भागात बिस्मथ किंचित जास्त उतरतो आणि उरलेल्या रसात टेल्युरियम साठत जाते. त्यामुळे सावकाश गोठलेल्या एकाच कांडीचे पहिले टोक पी-प्रकारचे (वीज धन वाहकांनी नेणारे) आणि शेवटचे एन-प्रकारचे (ऋण वाहकांनी नेणारे) निघू शकते. ते टाळायला रसात सुरुवातीलाच टेल्युरियम वाढवतात किंवा दुसरे मूलद्रव्य अल्प प्रमाणात मिसळतात.

कांडीवरून वितळलेला अरुंद पट्टा हळूहळू सरकवत नेला, की मोठे स्फटिककण वाढतात आणि थर कांडीच्या लांबीला समांतर लागतात. वीज सुरेख वाहते, पण काप काढताना कांडी अभ्रकासारखी पापुद्र्यांत सुटते.

उलट, वितळलेला रस फिरत्या तांब्याच्या चाकावर सोडला की क्षणात गोठून पातळ फिती होतात. त्यांतले कण अतिसूक्ष्म असतात. उष्णता वाहून नेणारी स्फटिकातली कंपने कणांच्या सीमांवर विखुरतात, विजेला मात्र तेवढा अडथळा होत नाही. पण थरांची एकदिश मांडणी इथे मोडते आणि फिती पुन्हा दाबून घट्ट कराव्या लागतात.

बारीक कणांचा फायदा 2008 मध्ये ठळकपणे दिसला. बिस्मथ-अँटिमनी टेल्युराइडच्या लगडीची अतिबारीक भुकटी करून ती गरम दाबल्यावर 100 अंशांच्या सुमारास झेडटी 1.4 पर्यंत गेला. बाजारातल्या लगडींचा तो 1 च्या आसपास असतो.

म्हणून अशा धातूची कृती लिहिताना नुसते प्रमाण पुरत नाही. रस किती वेगाने निवला आणि उष्णता कोणत्या बाजूने ओढून घेतली, हेही लिहायला हवे. नाहीतर तेच घटक घेऊन दुसऱ्याच्या हाती वेगळाच पदार्थ येईल.