घरातील लोहमार्ग : लेखांक ७
पेण-रोहा मार्गासाठी टँक वॅगनची निवड

मागील लेखांकात बंद मालवाघिणींचा विचार झाला. या लेखांकात टँक वॅगनचा, म्हणजे द्रव किंवा दाबाखाली द्रवरूप केलेला वायू वाहणाऱ्या आडव्या दंडगोल टाकीच्या वाघिणीचा, विचार पेण-रोहा मार्गाच्या प्रतिकृतीच्या संदर्भात करावयाचा आहे. पेण ज्यावर आहे तो आपटा-रोहा टप्पा १९८६ मध्ये सुरू झाला, रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वे सुरू होते आणि १९९८ पासून तो मार्ग अखंड झाला. त्यामुळे प्रतिकृती कोणत्या वर्षातील दृश्य दाखवणार आहे, हे वाघिणी विकत घेण्यापूर्वीच ठरवणे आवश्यक ठरते.

भारतात छंद म्हणून बहुधा एचओ हे प्रमाण वापरले जाते आणि पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये खुले झालेले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालयही याच प्रमाणात उभे आहे. या प्रमाणात प्रत्यक्षातील ८७ मिलिमीटर प्रतिकृतीत १ मिलिमीटर होतात. भारतीय ब्रॉडगेजच्या १६७६ मिलिमीटरसाठी रुळांतील अंतर १९.३ मिलिमीटर हवे. पण बाजारात मिळणारा १६.५ मिलिमीटरचा रूळ परदेशी स्टँडर्ड गेजच्या हिशेबाने बनलेला असतो, आणि ही तडजोड बहुतेक छांदिष्ट स्वीकारतात. ब्रिटिश ओओ प्रमाणाच्या, म्हणजे सुमारे एकास ७६ या प्रमाणाच्या, वाघिणीही याच रुळावर धावतात. मात्र त्या एचओपेक्षा जवळजवळ १४ टक्क्यांनी मोठ्या असल्याने दोन्ही एकाच गाडीत जोडल्यास विसंगती लगेच डोळ्यांत भरते.

भारतीय रेल्वेवर पेट्रोल-डिझेलसाठी बीटीपीएन ही वाघीण सर्वपरिचित आहे. नावातील बी म्हणजे बोगी, टी म्हणजे टँक, पी म्हणजे पेट्रोल आणि शेवटचा एन हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा निदर्शक होय. तिची कपलिंगसह लांबी १२.४२ मीटर आणि टाकीचा व्यास सुमारे २.८५ मीटर असल्याने एचओमध्ये लांबी सुमारे १४३ आणि व्यास ३३ मिलिमीटर भरतो, म्हणजेच ती आखूड आणि जाड दिसली पाहिजे. स्वयंपाकाचा वायू वाहणारी बीटीपीजीएलएन याच्या उलट लांब आणि सडपातळ असते, १८.९ मीटर लांबी व सुमारे २.४ मीटर व्यास असलेली ही वाघीण प्रतिकृतीत सुमारे २१८ बाय २८ मिलिमीटरची होते.

परदेशी दुकानांत सहज मिळणारी ३०,००० गॅलनची अमेरिकन टँक वॅगन सुमारे साठ फुटांची, पण दहा फूट व्यासाची असते. त्यामुळे लांबीने ती वायूच्या वाघिणीशी जुळली तरी जाडीने फसते आणि पेट्रोलच्या वाघिणीसाठी तर फारच लांब ठरते. बीटीपीएनसाठी चाळीस फुटांच्या वर्गातील १६,००० गॅलनची प्रतिकृती अधिक जवळची होय. पेणच्या मूर्तिकारांच्या कारखान्यात साच्याची प्रमाणे चुकली तर कितीही नेटकी डोळ्यांची आखणी त्या मूर्तीला सावरू शकत नाही, तसेच टाकीच्या लांबी-जाडीचे आहे. रंग आणि अक्षरे नंतर बदलता येतात, प्रमाण बदलता येत नाही.

प्रमाण जमल्यावर कपलिंग पाहावे. आजच्या बोगी वाघिणींना मध्यभागी सेंटर बफर कपलर असतो, तर जुन्या चारचाकी टाक्यांना बाजूचे दोन बफर आणि स्क्रू कपलिंग असे. म्हणून युरोपीय प्रतिकृती बोगी वाघिणीसाठी निवडल्यास बाजूचे बफर कापून काढावे लागतात. पेट्रोलच्या टाकीवर वरच्या झाकणापासून खाली ओघळलेले काळपट डाग दाखवणे योग्य आहे. वायूच्या टाकीवर मात्र ते दाखवू नयेत, कारण गळलेला वायू उडून जातो, ओघळत नाही.

शेवटचा प्रश्न संख्येचा आणि जागेचा आहे. कारखाना रसायनांचा म्हणून त्याच्या दारात टँक वॅगन असलीच पाहिजे, हा समज या परिसराला लागू पडत नाही. नागोठण्याच्या पेट्रोरसायन संकुलाला कच्चा वायू उरणहून नळमार्गाने मिळतो आणि थळच्या खत कारखान्याकडे जाणाऱ्या पेणच्या फाट्यावर पोत्यांतले खत वाहणाऱ्या बंद वाघिणी शोभतात. म्हणून पेण-रोह्याच्या मांडणीत टँक वॅगनची गाडी स्थानकातून पुढे निघून जाणारी दाखवणे अधिक सयुक्तिक ठरते. सुमारे पन्नास बीटीपीएनचा पूर्ण रेक एचओमध्ये सात मीटरांहून लांब होतो, जो घरच्या खोलीत मावत नाही. परंतु एकाच जातीच्या सात-आठ वाघिणी सलग जोडल्या तरी रेकचा भास निर्माण होतो, आणि सात जातींची एकेक वाघीण जोडली तर तो कधीच होत नाही. तेव्हा जात एक ठरवावी, तिची मापे घेऊन दुकानात जावे आणि मोजपट्टी लावल्याशिवाय खरेदी करू नये.

(पुढील लेखांकात : मालगाडीच्या शेवटची ब्रेक व्हॅन)