इंजिन कुठल्या दिशेने फिरतं? आधी तुम्ही कुठे उभे आहात ते सांगा

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत कोकणातल्या बंदरांवर होड्या वर ओढलेल्या असतात आणि त्यांची इंजिनं उघडलेली असतात. अशाच एका ट्रॉलरच्या इंजिनघरात आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो होतो. मुंबईहून बोटीचा नवा पंखा (प्रोपेलर) मागवायचा होता, आणि त्यासाठी आधी इंजिनाची दिशा ठरवायची होती. पुलीच्या टोकाला मिस्त्री, फ्लायव्हीलच्या टोकाला नाखवा. स्टार्टरचं बटण क्षणभर दाबलं, इंजिनाने एक हिसका घेतला.

“घड्याळासारखं फिरलं,” मिस्त्री म्हणाले.

“नाय ओ मिस्त्री, उलटं फिरलं. माझ्या डोळ्यांसमोर फिरलं,” नाखवा म्हणाले.

आवाज चढले. दोघांनाही दर्यावरच्या कामाची कित्येक वर्षांची सवय, आणि दोघंही खरं तेच सांगत होते. जत्रेतला आकाशपाळणा अलीकडून पाहिला तर काट्यांप्रमाणे फिरतो आणि पलीकडून पाहिला तर काट्यांविरुद्ध. पाळणा तोच, बघणारा बदलला. बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाच्या दिशेबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका गोष्टीतून निघतात आणि ते महागात पडतात: चुकीचा पंखा येतो, चुकीचा स्टार्टर बसतो, गिअरबॉक्स जळतो. म्हणून ते एकेक करून तपासू.

गैरसमज १: “काट्यांप्रमाणे फिरतं” एवढं सांगितलं की पुरे.

वस्तुस्थिती: कुठून पाहिलं हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. त्यासाठी ठरलेला नियम आहे. अमेरिकेतल्या एसएईचं जे८२४ आणि आंतरराष्ट्रीय आयएसओ १२०४ ही मानकं नेमकी याच कामाची. ज्या टोकातून इंजिनाची ताकद बाहेर पडते, म्हणजे बहुतेक इंजिनांत फ्लायव्हीलचं टोक, तिथे उभं राहून इंजिनाकडे तोंड करून पाहायचं. तिथून काट्यांविरुद्ध फिरलं तर ते ‘डावं’ इंजिन, काट्यांप्रमाणे फिरलं तर ‘उजवं’. गाड्यांची बहुसंख्य इंजिनं डावी असतात आणि त्यांच्यावरून केलेली बोटींची इंजिनंही. पण ‘गाडीचं इंजिन म्हणजे डावंच’ असंही धरून चालू नये. होंडाची जुनी बी आणि डी मालिकेतली इंजिनं याच्या विरुद्ध दिशेने फिरतात.

आणखी एक घोटाळा इथेच होतो. ‘डावं इंजिन’ म्हणजे बोटीच्या डाव्या बाजूला बसवलेलं इंजिन नव्हे. शब्द फिरण्याच्या दिशेचा आहे, जागेचा नाही.

गैरसमज २: इंजिनाची पुढची बाजू म्हणजे बोटीची पुढची बाजू.

वस्तुस्थिती: नेहमी नाही. व्ही-ड्राइव्ह असलेल्या बोटीत इंजिन उलटं बसवतात. फ्लायव्हीलचं टोक नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे असतं, शाफ्ट तिथून वळून इंजिनाच्या खालून मागे जातो आणि पुली पाठीकडे येते. अमेरिकेतल्या क्रिस-क्राफ्टच्या जुन्या बोटींत तर कित्येक इंजिनांचं फ्लायव्हीलच नाळेच्या बाजूला असायचं आणि ताकद दुसऱ्या टोकातून निघायची. अशा बोटीत ‘फ्लायव्हीलकडून’ आणि ‘ताकदीच्या टोकाकडून’ पाहिलेल्या दिशा एकमेकींच्या विरुद्ध येतात. म्हणून सुटा भाग मागवताना ‘पुढून’, ‘मागून’ हे शब्द टाळावेत आणि ‘फ्लायव्हीलसमोर उभं राहून’ किंवा ‘पुलीसमोर उभं राहून’ असं पूर्ण सांगावं.

गैरसमज ३: इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने पंखा फिरतो.

वस्तुस्थिती: मध्ये गिअरबॉक्स आहे. दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकली की दुसरं पहिल्याच्या विरुद्ध फिरतं. त्यामुळे काही गिअरबॉक्स पुढच्या गिअरमध्ये दिशा तीच ठेवतात, काही उलटवतात. म्हणूनच डाव्या इंजिनामागे उजवा पंखा असलेल्या कितीतरी बोटी सापडतात. पंख्याचा हात मात्र बोटीच्या मागे उभं राहून, नाळेकडे तोंड करून ठरवतात. बोट पुढे जात असताना काट्यांप्रमाणे फिरतो तो उजवा.

मागच्या गिअरचंही तसंच. मोठ्या मालवाहू जहाजांची दोन-स्ट्रोक इंजिनं थांबवून, दाबाच्या हवेने खरोखर उलटी चालू करता येतात. आपल्या ट्रॉलरचं चार-स्ट्रोक डिझेल कधीच उलटं फिरत नाही. मागे जाताना फक्त गिअरबॉक्सनंतरचा शाफ्ट उलटतो.

गैरसमज ४: पंखा चुकीच्या हाताचा आला तर उलटा करून बसवावा.

वस्तुस्थिती: साधा स्क्रू घ्या. पेचकस काट्यांप्रमाणे फिरवला की तो आपल्यापासून दूर, लाकडात जातो. उजवा पंखाही तसाच, पाण्यात घुसणारा स्क्रू आहे. आता बोल्टवरचा नट काढून, पालटून पुन्हा चढवा. आटे तसेच बसतात, नट काट्यांप्रमाणेच आवळतो. पंखाही पालटला तरी उजव्याचा डावा होत नाही. उलट त्याच्या पात्यांचा मागचा पृष्ठभाग पुढे येतो, पाणी नीट ढकललं जात नाही आणि शाफ्टच्या निमुळत्या टोकावर तो धड बसतही नाही. चुकीच्या हाताचा पंखा परत पाठवणं हाच उपाय.

गैरसमज ५: बॅटरीच्या तारा अदलाबदल केल्या की स्टार्टर उलटा फिरेल.

वस्तुस्थिती: जुन्या, गुंडाळीच्या स्टार्टरमध्ये बाहेरच्या आणि आतल्या दोन्ही गुंडाळ्यांतून तोच प्रवाह वाहतो. तारा उलटल्या तर दोन्हींची चुंबकीय दिशा उलटते आणि मोटर पूर्वीसारखीच फिरते. कायम चुंबकाचे स्टार्टर तारा उलटल्यावर खरंच उलटे फिरतात, पण त्यांचं दातेरी चाक आणि क्लच एकाच दिशेसाठी बनवलेले असतात. दोन्ही वेळा अल्टरनेटरचे डायोड मात्र जळतात. उजव्या इंजिनाला उजवाच स्टार्टर लागतो.

गैरसमज ६: डिस्ट्रिब्युटरच्या तारा उलट्या क्रमाने लावल्या की इंजिनाची दिशा बदलते.

वस्तुस्थिती: जुन्या अमेरिकी बोटींत दोन पेट्रोल व्ही-८ असायची, एक डावं, एक उजवं. दोन्ही पंखे परस्परविरुद्ध फिरले की बोट बाजूला ओढण्याचा त्यांचा जोर एकमेकांत संपतो. शेव्हरोलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८चा पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, आणि त्याच्या उजव्या भावाचा १-२-७-५-६-३-४-८. दुसरा क्रम म्हणजे पहिला मागून वाचलेला. पण फरक तारांपुरता नाही. कॅमशाफ्ट वेगळा, क्रँकचे ऑईल सील वेगळे, अनेकांत टायमिंग चेनऐवजी दातेरी चाकं. नुसत्या तारा बदलल्या तर इंजिन खोकेल, चालणार नाही.

मग दिशा ठरवायची कशी?

आधी सुरक्षा. गिअर न्यूट्रलमध्ये घ्या. डिझेल असेल तर इंधन बंद, पेट्रोल असेल तर इग्निशन बंद. पेट्रोलच्या बोटीत आधी ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवून वाफ बाहेर काढा. सैल बाह्या आणि गळ्यातला टॉवेल दूर ठेवा.

फ्लायव्हीलवर किंवा पुलीवर खडूने ठळक रेघ ओढा आणि बटण क्षणभरच दाबा. डोळ्याला पटकन कळत नाही, म्हणून मोबाइलवर चित्रीकरण करून सावकाश बघा. स्टार्टर फार वेळ मारू नका. इंजिन पेटत नसताना कूलिंगचा पंप समुद्राचं पाणी एक्झॉस्टमध्ये भरत राहतो आणि ते पाणी सिलिंडरपर्यंत येऊ शकतं.

पण एवढ्यावर थांबू नका, कारण स्टार्टरची साक्ष शेवटची नाही. कुणी आधी चुकीचा स्टार्टर बसवला असेल तर तो इंजिनाला बिनबोभाट उलटं फिरवेल. खरं उत्तर कॅमशाफ्टकडे असतं. वरचं झाकण काढा, एका सिलिंडरचे दोन व्हॉल्व्ह ओळखा आणि पान्याने क्रँक हलकेच फिरवा. पाणी-पंपाचा रबरी इंपेलर आधी काढून ठेवलेला बरा, म्हणजे त्याची पाती उलटी मुडपणार नाहीत. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मिटत येतो तोच इनटेक उघडू लागला, तर दिशा बरोबर. इनटेक मिटताच एक्झॉस्ट उघडला, तर तुम्ही इंजिन उलटं फिरवत आहात. जळालेला वायू बाहेर टाकून मगच इंजिन नवा श्वास घेतं, हा क्रम कुठलाही स्टार्टर बदलू शकत नाही.

गिअरबॉक्सही तपासा. वेल्व्हेट ड्राइव्हसारख्या जुन्या गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनाच्या दिशेनुसार फिरवून बसवावा लागतो आणि त्यावर त्यासाठी बाणाच्या खुणा असतात. तो चुकीचा बसला तर तेलाचा दाब तयार होत नाही आणि क्लचच्या प्लेटा जळतात.

त्या दिवशी मिस्त्रींनी व्हॉल्व्ह पाहून खात्री केली. मग नाखव्यांनी लाल रंगाचा डबा मागवला आणि फ्लायव्हीलच्या आवरणावर, चाक जिकडे फिरतं तिकडे टोक असलेला बाण काढला. दुसरा बाण पुलीच्या बाजूला. काट्यांप्रमाणे की काट्यांविरुद्ध हे बघणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतं, चाकाशेजारच्या बाणाला मात्र बघणारा कुठे उभा आहे याने फरक पडत नाही. पुढच्या बंदीत इंजिन दुसऱ्याच मिस्त्रीच्या हाती आलं, तरी त्याला कुणाला विचारावं लागणार नाही. तुमच्या बोटीत असा बाण नसेल तर तपासणी झाल्या झाल्या तो काढून घ्या.