कृषी अभियंत्याची परीक्षा कोठे घ्यावी?

मी सातवीत असताना आमच्या नानांच्या उजव्या हाताची तीन बोटे मळणी यंत्रात गेली. नाना म्हणजे माझे थोरले चुलते. अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी दादरची मळणी चालली होती. कणसे आखूड असतात, ती आत सारताना हात यंत्राच्या तोंडापर्यंत नेहमीच जाई. त्या दिवशी तो थोडा अधिक आत गेला. यंत्र जवळच्याच एका कारखान्यात बनवलेले होते. गावात सगळे म्हणाले, "नानांचं लक्ष नव्हतं." नानाही तसेच म्हणत.

नानांचा मुलगा, ज्याला मी दादा म्हणतो, तो सध्या कृषी अभियांत्रिकीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या फाल्गुनात तो सुट्टीवर आला असता त्याने खिशातून टेप काढली आणि खळ्यावर उभ्या असलेल्या त्याच यंत्राचे तोंड मोजले. मग म्हणाला, "नाना, चूक तुमची नव्हती. हे तोंडच आखूड आहे." भारतीय मानकांप्रमाणे कणसे घालण्याची घसरण कमीत कमी ९०० मिलिमीटर लांब असावी लागते आणि तिचा ड्रमकडील निदान ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा लागतो. माणसाचा हात ड्रमपर्यंत पोहोचूच नये, असा त्यामागचा साधा हिशेब. आमच्या यंत्राचे तोंड याच्या निम्म्यानेही भरले नाही, आणि झाकण तर नव्हतेच.

नानांनी शांतपणे विचारले, "तीन वर्षं झाली तुला तिथं जाऊन. हे आधी का नाही मोजलंस?"

दादा म्हणाला, "आम्हाला ते चार गुणांना होतं, नाना. मी पाठ करून लिहिलं होतं."

हा संवाद माझ्या मनातून जाईना. मी कला शाखेचा, अर्थशास्त्राचा विद्यार्थी. यंत्रशास्त्रावर लिहिण्याचा मला काय अधिकार, असे कोणी विचारील. परंतु शिक्षण कशाला म्हणावे हा प्रश्न सर्वच शाखांचा आहे. शिवाय आपल्या महाविद्यालयातील निम्म्याहून अधिक मुले शेतकऱ्यांच्या घरातली. म्हणून दादाची पुस्तके व त्याचा अभ्यासक्रम चाळून, त्याच्याशी व त्याच्या मित्रांशी बोलून जे समजले ते येथे मांडतो.

ही शाखा आली कोठून?

शेतीची माहिती असलेला पदवीधर यंत्र जाणत नाही आणि यंत्र जाणणारा शेती जाणत नाही. ही दरी भरून काढण्यासाठी कृषी अभियांत्रिकी ही शाखा निघाली. अमेरिकेतील आयोवा राज्याच्या महाविद्यालयात १९१० साली या विषयाची पहिली पदवी दिली गेली. आपल्या देशात हा मान अलाहाबादच्या कृषी संस्थेकडे जातो. तेथे मेसन वॉ नावाच्या अमेरिकन अभियंत्याने १९४२ साली पदवी अभ्यासक्रम सुरू केला. या गृहस्थांची विशेष गोष्ट अशी, की अभ्यासक्रम आखण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे ते देशी बैलाला ओढता येईल असा लोखंडी नांगर घडवण्यात गुंतले होते. त्यांच्या नांगरांची नावेही 'वाह-वाह' आणि 'शाबाश' अशी होती. म्हणजे आपल्याकडे ही विद्या आधी शेतात आली, वर्गात नंतर. पुढे १९५२ मध्ये खरगपूरच्या आयआयटीत हा विषय सुरू झाला. १९६० मध्ये पंतनगरला अमेरिकन धर्तीचे पहिले कृषी विद्यापीठ निघाले. अध्यापन, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छपराखाली व्हावीत, अशी ती कल्पना होती.

महाराष्ट्रात १९६८ साली राहुरीचे विद्यापीठ स्थापन झाले आणि १९७२ पर्यंत अकोला, परभणी व दापोली मिळून चार कृषी विद्यापीठे उभी राहिली. आपला खानदेश राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येतो. धुळ्याचे कृषी महाविद्यालय त्याच विद्यापीठाचे. कृषी अभियांत्रिकीसाठी मात्र आपल्याकडची बरीच मुले राहुरी गाठतात, नाहीतर खासगी महाविद्यालयाची फी भरतात.

अभ्यासक्रम ठरवतो कोण?

चार वर्षे, आठ सत्रे. ट्रॅक्टर व अवजारे, मृद व जलसंधारण, सिंचन व निचरा, शेतमाल प्रक्रिया, शेतीतील इमारती आणि सौर व जैव ऊर्जा असे या पदवीचे मुख्य विभाग. त्यांच्या जोडीला गणित, स्थितिगतिशास्त्र, विद्युतशास्त्र, मृदशास्त्र आणि पीकशास्त्र. यादी वाचूनच दम लागतो.

या यादीचा सांगाडा दिल्लीची भारतीय कृषी अनुसंधान परिषद ठरवते. त्यासाठी ती वेळोवेळी अधिष्ठात्यांची समिती नेमते. पाचव्या समितीच्या शिफारशी २०१६-१७ च्या सुमारास लागू झाल्या. शेवटच्या वर्षात विद्यार्थ्याने कारखान्यात, प्रकल्पावर व प्रत्यक्ष अनुभवातून शिकावे, ही योजना तेव्हा पक्की झाली. सहाव्या समितीचा आराखडा २०२४-२५ पासून आला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाला अनुसरून त्यात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे, आणि सुरुवातीच्या सत्रांतच कौशल्याचे विषय घातले आहेत. राज्यातील चारही विद्यापीठांत मेळ ठेवण्याचे काम पुण्याची कृषी शिक्षण व संशोधन परिषद करते.

कागदावर पाहिले तर सुधारणा थांबलेल्या नाहीत. मग दादाने टेप खिशातून काढायला तीन वर्षे का लावली?

खानदेशातले तीन धडे

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला आपल्याच दोन जिल्ह्यांतली तीन उदाहरणे आठवली.

पहिले पांझरेकाठचे. धुळे जिल्ह्यातील फड पद्धती तीनशे वर्षांहून जुनी मानली जाते. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पाणी पाटकरी देणार, जागल्या राखण करणार. पाणी कमी झाले तर त्या वर्षी कमी फड भिजवायचे, म्हणजे तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. यात उताराचे गणित आहे तसा माणसांच्या वागण्याचाही अभ्यास आहे. याच पांझरेवर १८८४ साली पुण्याच्या महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले विश्वेश्वरय्या सहायक अभियंता म्हणून आले. पाट नदीपलीकडे नेण्यासाठी नळांचा सायफन बांधणे हे त्यांचे सुरुवातीचे काम. पावसाळ्यात नदीला पूर येत होते, काम पुढे ढकलावे असे त्यांना वाटले. वरिष्ठांना ते रुचले नाही, आणि त्यांनी ते त्याच परिस्थितीत पुरे केले. परीक्षेत पहिला आलेला विद्यार्थी नदीकडून काय शिकला असेल, याची कल्पना करावी.

दुसरे केळीचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगाने ठिबक सिंचन आपल्याकडे रुजवले आणि रावेर-यावलच्या केळीबागांचे रूप पालटले. परंतु ठिबक म्हणजे केवळ नळ्या अंथरणे नव्हे. विहिरीचे पाणी क्षारयुक्त असेल तर तोट्या बुजतात, त्यांना वेळेवर आम्ल द्यावे लागते. कूपनलिकेतून वाळू येत असेल तर गाळणी वेगळी लागते. शेताच्या वरच्या टोकाला व खालच्या टोकाला पाण्याचा दाब सारखा नसला तर अर्धी बाग उपाशी आणि अर्धी बुडालेली. याखेरीज सातपुड्याच्या पायथ्याचा वाळू-गोट्यांचा पट्टा, ज्याला बझाडा म्हणतात, तेथील भूजल वर्षानुवर्षे खाली चालले आहे. तापीचे पाणी वळवून ते पुन्हा जमिनीत मुरवण्याच्या योजनेसाठी २०२५ च्या मे महिन्यात महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्यात करार झाला. ठिबकाने पाणी वाचते, पण वाचलेल्या पाण्यावर आणखी बाग लावली तर भूजलाचे काय? हा प्रश्न एकाच वेळी अभियांत्रिकीचा आणि अर्थशास्त्राचा आहे.

तिसरे उदाहरण आमच्या घरचे. ते आरंभी सांगितले. धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा संसदेने १९८३ साली केला. मळणी यंत्रांच्या अपघातांची पार्श्वभूमी त्याला होती. म्हणजे कायदा आहे, मानक आहे, अभ्यासक्रमात धडाही आहे. फक्त या तिन्ही गोष्टी आमच्या खळ्यापर्यंत आल्या नव्हत्या.

दोष कोठे आहे?

माझ्या मते दोष विषयांच्या यादीत फारसा नाही, तो क्रमात आहे. विद्यार्थी तीन वर्षे सूत्रे शिकतो आणि चौथ्या वर्षी त्याला शेत दाखवले जाते. तोवर सूत्र गुणपत्रिकेत जाऊन बसलेले असते. ज्याने आधी आखूड तोंडाचे यंत्र पाहिले, त्याला ९०० मिलिमीटर हा आकडा पाठ करावा लागत नाही.

दुसरा दोष एकसारखेपणाचा. राहुरीच्या कक्षेत दहा जिल्हे आहेत. कोल्हापूरचा ऊस आणि तळोद्याच्या डोंगरउतारावरची भगर यांना एकच प्रयोगवही कशी पुरणार? देशभर पदवीचा दर्जा एक असावा हे योग्यच. पण दर्जा एक असणे आणि उदाहरणे एक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा दोष पदवीनंतरचा. २०२३ च्या सुरुवातीस राहुरीसह राज्यातील कृषी अभियांत्रिकीचे विद्यार्थी आंदोलनाला बसले होते. राज्य लोकसेवा आयोगाच्या कृषी सेवा परीक्षेतून आपल्या विषयाचे स्थान गेले, ही त्यांची तक्रार होती, आणि कृषी अभियांत्रिकीचे स्वतंत्र संचालनालय असावे ही मागणी. मध्य प्रदेशात असे संचालनालय आहे, तामिळनाडूत तर स्वतंत्र विभागच आहे. जी पदवी सरकारच ओळखत नाही, तिचा दर्जा वाढवण्यासाठी विद्यार्थ्याने रक्त का आटवावे, हा प्रश्न कटू असला तरी रास्त आहे.

काय करता येईल?

लहान तोंडी मोठा घास होईल, तरी तीन सूचना करतो.

एक, प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी एक गाव घ्यावे आणि चार वर्षे तेच ठेवावे. पहिल्या वर्षी मोजमाप, दुसऱ्या वर्षी पाण्याचा हिशेब, तिसऱ्या वर्षी यंत्रांची तपासणी, चौथ्या वर्षी त्या गावाच्या एखाद्या अडचणीवर उपाय. सहाव्या समितीने सुरुवातीलाच कौशल्याचे विषय आणले आहेत, त्यांना गावाचा पत्ता द्यावा एवढेच माझे म्हणणे.

दोन, प्रकल्पाच्या गुणांतील काही भाग शेतकरी व गावातील कारागीर यांच्या मतावर ठरावा. ज्या लोहाराला विद्यार्थ्याचे आरेखन समजले नाही, त्याच्या हातून ते यंत्र कधीच घडणार नाही.

तीन, गणित व मूलभूत विज्ञान अजिबात कमी करू नये. 'व्यावहारिक शिक्षण' म्हटले की काहींना दुरुस्तीचे दुकान दिसते. तोटीतला दाब समान राखायचा तर गणित लागतेच. मोटार दुरुस्त करणारा माणूस गावात असतो. ती पुन्हापुन्हा का जळते हे सांगणारा हवा आहे.

आमच्या एका प्राध्यापकांनी हे ऐकून शंका काढली, की शेतकऱ्यांना गुण देऊ दिले तर दर्जा घसरेल. मला तसे वाटत नाही. परीक्षकाला झुकवता येते आणि प्रश्नसंच पाठ करता येतो, पण बागेच्या खालच्या टोकाला पाणी पोहोचले की नाही हे झाकून ठेवता येत नाही. तशी परीक्षा आजच्यापेक्षा कठीणच होईल. मात्र शिक्षकांची रिक्त पदे भरल्यावाचून यातले काहीच साधणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. एकेका शिक्षकाने किती गावे हिंडायची?

सुट्टी संपण्यापूर्वी दादाने गावच्या लोहाराकडून पत्रा वाकवून घेतला आणि आमच्या यंत्राला लांब, झाकलेले तोंड बसवले. पहिल्या दिवशी कणसे अडकत होती. लोहारानेच सांगितले, उतार थोडा वाढवा. उतार वाढवल्यावर यंत्र सुरळीत चालू लागले. नानांनी डाव्या हाताने चार कणसे आत सारून पाहिली, हात कोठवर जातो ते पाहिले, आणि म्हणाले, "शेजारच्यांच्या यंत्राचंही मोजून ये."

दादा त्या संध्याकाळी टेप घेऊन पाच खळी फिरला. एकाही यंत्राचे तोंड मापात भरले नाही.