वायर नसलेली करवत: ब्लेडला हात लावण्याआधी बॅटरी का काढायची?

घरात फर्निचरचं काम निघालं की हल्ली सुताराच्या पिशवीतून बॅटरीवर चालणारी यंत्रं बाहेर पडतात. ड्रिल मशीन तर नेहमीचंच, आता लाकूड कापणारी गोल करवत, म्हणजे कॉर्डलेस सर्क्युलर सॉ, हीसुद्धा बॅटरीवर मिळते. घरच्या घरी शेल्फ बनवणारे हौशी लोकही ती ऑनलाइन मागवतात. वायर पायात येत नाही, प्लग पॉइंट शोधावा लागत नाही, लाइट गेली तरी काम थांबत नाही.

पण याच सोयीत एक धोका आहे. वायरच्या मशीनचं ब्लेड बदलायचं तर आधी प्लग काढायचा, हे बहुतेकांना माहीत असतं. बॅटरीच्या मशीनला प्लगच नसतो. ती शांत पडलेली दिसते, तरी बॅटरी लावलेली असेल तर ती कधीही सुरू होऊ शकते. म्हणून ब्लेड बदलताना, कापायची खोली ठरवताना, अडकलेला तुकडा काढताना आणि काम संपल्यावर बॅटरी बाहेर काढणं हा पहिला नियम. घरात लहान मुलं असतील तर मशीन आणि बॅटरी वेगवेगळ्या जागी ठेवलेली बरी.

ब्लेड किती वेगानं फिरतं?

साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिलिमीटरचं ब्लेड मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या कडेचे दात ताशी सुमारे १५५ किलोमीटर वेगानं जात असतात. हात मागे घेईपर्यंत इजा होऊन गेलेली असते. स्विच सोडल्यावरही ब्लेड लगेच थांबतंच असं नाही. काही मशीनमध्ये त्यासाठी ब्रेक असतो, काहींत नसतो. ब्लेड पूर्ण थांबल्याशिवाय मशीन लाकडातून उचलू नये.

मशीन अंगावर का उसळते?

याला किकबॅक म्हणतात आणि गंभीर अपघातांचं हे एक मोठं कारण आहे. समजा, प्लायवूडची शीट दोन स्टुलांवर ठेवली आणि मधोमध कापायला घेतली. कापत जाल तशी शीट मध्ये झुकते, कापलेली फट वरून मिटते आणि ब्लेड चिमटीत सापडतं. मोटर मात्र जोर लावतच असते. मग ब्लेड फटीतून वर चढतं आणि पूर्ण मशीन मागे, चालवणाऱ्याच्या दिशेनं उसळते.

हे टाळण्यासाठी आधार कापायच्या रेषेच्या जवळ, दोन्ही बाजूंना द्यावा. शीट मोठी असेल तर जमिनीवर जाड थर्माकोल पसरून त्यावर ती ठेवता येते. लाकूड शिकंज्यानं घट्ट धरावं, मांडीवर किंवा पायाखाली धरून कापू नये. उभं राहताना शरीर ब्लेडच्या सरळ रेषेत न ठेवता थोडं बाजूला ठेवावं. आणि दोन्ही हात मशीनच्या मुठींवर असावेत.

ब्लेडची खोलीही महत्त्वाची आहे. १८ मिलिमीटरचं प्लाय कापायला ब्लेड २२-२३ मिलिमीटर बाहेर आलं की पुरतं. पूर्ण खोलीवर ठेवलं तर तीनेक सेंटीमीटर ब्लेड लाकडाखाली, नजरेआड फिरत राहतं. खालून शीट धरणाऱ्याची बोटं तिथेच असतात.

गार्ड बांधून ठेवला तर काय होतं?

ब्लेडखालचा गार्ड स्प्रिंगवर चालतो. कापताना तो मागे सरकतो, काम झालं की आपोआप ब्लेड झाकतो. रेषा दिसत नाही म्हणून काही जण तो तारेनं बांधून ठेवतात. मग कापून झाल्यावर मशीन खाली ठेवताना फिरतं, उघडं ब्लेड पायाला लागू शकतं. चुकून सुरू होऊ नये म्हणून दिलेलं लॉकचं बटण टेपनं चिकटवणं, हाही तसाच प्रकार. ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावणं तर त्याहून घातक. ग्राइंडरचे फेरे खूप जास्त असतात आणि त्याचा गार्ड अशा ब्लेडसाठी बनवलेलाच नसतो.

डोळ्यांवर चष्मा, कानात प्लग आणि नाकावर एन-९५ मास्क हवा. लाकडाचा भुसा माणसात कर्करोगाला कारणीभूत ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच नोंदवलं आहे. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली चेन आणि ढगळ हातमोजे ब्लेडपासून दूर ठेवावेत.

बॅटरीची काळजी का घ्यायची?

१८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे लिथियम-आयन सेल पाच-पाच एका ओळीत जोडलेले असतात. ५ अँपिअर-तासाच्या अशा बॅटरीत ९० वॉट-तास ऊर्जा साठते, म्हणजे साधारण चार-पाच मोबाइलच्या बॅटऱ्यांइतकी. ती बॅटरी खिळे आणि स्क्रूच्या डब्यात टाकली आणि दोन टोकं लोखंडानं जोडली गेली, तर शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते. म्हणून टोकांवरचं झाकण लावूनच ती ठेवावी.

चार्जर त्याच कंपनीचा, त्याच बॅटरीसाठीचा असावा. काम करून गरम झालेली बॅटरी थंड झाल्यावरच चार्जिंगला लावावी. बहुतेक बॅटऱ्यांसाठी चार्जिंगची मर्यादा ४० ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत असते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात हवेचं तापमानच त्याच्या आसपास जातं, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तर त्याहून कितीतरी वर. रात्रभर गादीवर किंवा भुशाच्या ढिगाशेजारी चार्जिंग करू नये.

बॅटरी फुगली, तडकली, पाण्यात पडली किंवा वेगळाच वास येऊ लागला, तर ती वापरू नये, चार्जही करू नये आणि उघडू तर नयेच. धूर दिसला तर सगळ्यांनी बाहेर पडून १०१ किंवा ११२ वर फोन करावा. विझल्यासारखी वाटणारी बॅटरी पुन्हा पेटू शकते आणि तिचा धूर विषारी असतो.

निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकली तर कचऱ्याच्या गाडीत दाबली जाऊन पेटण्याची भीती असते. तिच्या टोकांवर टेप लावावी आणि ती विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा केंद्रात द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे नवी बॅटरी घेताना जुनी परत घेणार का, हे दुकानात विचारता येतं.