घर विकताना दोष लपवू नका

आजचा विषय जुनं घर विकण्याचा.

तंजावूरला राजवाड्याजवळचं आमचं वडिलोपार्जित घर विकायला काढलं, तेव्हा दलाल म्हणाला, "सर, रंग मारून घ्या. विहिरीचं काही बोलू नका." मागच्या अंगणात विहीर आणि तिच्यापासून दहा-बारा पावलांवर शौचालयाचा जुना खड्डा. पाणी अगदी नितळ. तपासून घेतलं, तर त्यात ई. कोलाय जंतू निघाले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात हा जंतू एकही आढळता कामा नये.

आता कायदा ऐका. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं की, विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष सांगितलाच पाहिजे. न सांगणं ही फसवणूक ठरते. नितळ पाण्यातला जंतू कोणाला दिसणार?

म्हणून जाहिरात देण्याआधी तीन गोष्टी बघा.

पहिली, पाणी. विहीर किंवा बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासा, अहवाल जपून ठेवा.

दुसरी, छपराचे सिमेंटचे पत्रे. जुन्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रा धड असेल तर हात लावू नका. फोडलात, भोकं पाडलीत, की बारीक तंतू उडून फुप्फुसात जातात आणि आजार कित्येक वर्षांनी दिसतो.

तिसरी, दारं-खिडक्यांचा जुना तैलरंग. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम 2016 चा. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकतं. कोरडा रंग पॉलिश पेपरने घासू नका. ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक.

जे सापडेल ते लिहून घेणाऱ्याला द्या, आणि पोच म्हणून सही घ्या.

आम्ही तसंच केलं. पहिलं गिऱ्हाईक परत गेलं. दुसऱ्याने किंमत पाडून घेतली. धाकटा भाऊ आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. त्याचंही नुकसान झालंच होतं. पण घेणाऱ्याच्या घरात दोन वर्षांचं मूल होतं, आणि त्यांनी राहायला येण्याआधी खड्डा बुजवून नळाची जोडणी घेतली.

फौजेत ठाणं दुसऱ्या तुकडीच्या ताब्यात देताना सुरुंग कुठे पेरलेत त्याचा नकाशाही हाती द्यावा लागतो. घराचंही तसंच आहे, मंडळी. किल्ली देताना नकाशा द्या.