पाण्यात वाकलेलं पोलाद

टोकियोच्या उएनो उद्यानातलं राष्ट्रीय संग्रहालय १८७२ साली सुरू झालं. जपानमधलं ते सर्वांत जुनं. तिथल्या तलवारींच्या दालनात चांगली पोक्त माणसं काचेपुढे गुडघे वाकवतात, मान तिरकी करतात, पुन्हा उठतात. सामुराईंची तलवार ताठ उभं राहून पाहिली तर नुसती चकाकते. दिव्याचा उजेड पात्यावरून नेमका डोळ्यांत येईल असा कोन साधला, की धारेलगत एक दुधाळ, नागमोडी पट्टा उजळून निघतो. हा हामोन. तो कुणी कोरलेला नाही, रंगवलेला तर नाहीच. पातं पाण्यात बुडवलं त्या क्षणी तो पोलादाच्या अंगात उमटला.

हे पोलाद लोहयुक्त वाळूचं. मातीच्या भट्टीत ती लोणारी कोळशासोबत तीन दिवस, तीन रात्री धगधगते, तेव्हा कुठे ‘तामाहागाने’ नावाचं हे पोलाद हाती येतं. त्यात कर्बाचं प्रमाण सगळीकडे सारखं नसतं, म्हणून लोहार ते तापवतो, ठोकतो, दुमडतो, पुन्हा ठोकतो. चिरोट्याला सुटतात तसे पदर वाढत जातात. पंधरा घड्या म्हणजे हिशेबाने ३२,७६८!

खरी करामत याच्याही पुढची. घडवलेल्या पात्यावर मातीचा लेप चढतो, पाठीवर जाड आणि धारेवर पातळ. मग अंधाऱ्या खोलीत ते तापवायचं, कारण आच किती झाली हे लोहार पोलादाच्या रंगावरून ओळखतो. आणि मग पाणी. धार झटक्यात निवते, तिथे मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण रचना तयार होते. पाठ सावकाश निवते, म्हणून चिवट राहते. मार्टेन्साइटला जागा जास्त लागते. धार फुगते आणि अख्खं पातं पाठीकडे वाकतं. ज्या बाकावर आपण भाळतो, तो बराचसा या पाण्याचा. याच ताणाने कधी धारेला तडा जातो, की सगळी मेहनत मातीमोल.

या संग्रहातली ‘मिकाझुकी मुनेचिका’ ही तलवार क्योतोच्या सांजो मुनेचिका या लोहाराची, हेयान काळातली. तिच्या हामोनजवळ चंद्रकोरीसारख्या खुणा आहेत, त्यावरूनच तिचं नाव पडलं. ती ताची प्रकारातली, म्हणून धार खाली करून मांडतात. ताची कमरेला तशीच लटकवत. कताना मात्र कमरपट्ट्यात धार वर करून खोचत, तिची मांडणीही तशीच. मुठीत जाणाऱ्या भागावरचा काळपट गंज मुद्दाम घासत नाहीत. त्याच्या रंगावरून जाणकार तलवारीचं वय ताडतात.

शिंगांच्या शिरस्त्राणांपुढे फोटोंसाठी झुंबड उडते, उडो बापडी. तसं पाहिलं तर सामुराईंचं मूळ शस्त्र घोड्यावरून चालवायचं धनुष्य. तलवारीला डोक्यावर घेतलं ते पुढच्या कथांनी. तरीही वेळ थोडाच असेल तर तो पात्यांना द्या. फक्त मिकाझुकी वर्षभर मांडलेली नसते, तेव्हा निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चौकशी करा.