भट्टी किती वेगाने तापवावी?

खानापूरकडचा कुंभार भट्टी पेटवतो तेव्हा पहिला जाळ मंद ठेवतो. मडक्याच्या मातीत ओल असते; जाळ एकदम वाढला तर तिची वाफ होऊन मडके फुटते. त्यामुळे भाजायचे ते सावकाशच, असे आपल्या मनात पक्के बसलेले असते. ॲल्युमिना किंवा झिर्कोनियाच्या अतिसूक्ष्म चूर्णाच्या बाबतीत हा समज बराचसा उलटा ठरतो.

चूर्ण दाबून केलेली वडी न वितळवता तापवली की कण एकमेकांना जुळतात, मधली छिद्रे बुजतात आणि वडी आकसून घट्ट होते. यालाच सिंटरिंग म्हणतात. ॲल्युमिना वितळते २०५० अंश सेल्सिअसच्या आसपास. तिचे नेहमीचे चूर्ण मात्र १५०० ते १६०० अंशांतच घट्ट होते. पृष्ठभाग कमी करण्याची पदार्थाची ओढ हीच यामागची प्रेरणा होय. कण जितके बारीक तितका एकूण पृष्ठभाग मोठा, आणि ओढही तितकीच प्रबळ.

गोम अशी की ही ओढ भागवण्याच्या वाटा दोन आहेत. अणू कणांच्या पृष्ठभागावरूनच सरकले, तर दोन कणांमधली मान जाड होते, कण स्थूल होत जातात, पण त्यांची केंद्रे जवळ येत नाहीत. वडी आकसतच नाही. याउलट, कणांच्या सीमेतले अणू निघून मानेपाशी आले, तरच केंद्रे जवळ सरकतात व छिद्रे बुजतात. पहिल्या वाटेला बहुधा सक्रियण ऊर्जा कमी लागते, म्हणून ती कमी तापमानालाच सुरू होते. दुसरी जोर धरते ती तापमान चांगले चढल्यावर.

आता हिशेब करा. ८०० ते १२०० अंश हा टप्पा मिनिटाला ५ अंशांनी चढायला ८० मिनिटे लागतात. मिनिटाला २०० अंशांनी २ मिनिटे! त्या ८० मिनिटांत बारीक कण जाडे होऊन बसतात, आणि घट्ट होण्याची खरी वेळ येते तेव्हा प्रेरणा उधळली गेलेली असते. एवढे महागाचे सूक्ष्म चूर्ण आणायचे आणि भट्टीतच ते भरड करायचे, असला हा व्यवहार.

म्हणून सरसकट घाई करावी, असेही नाही. वडीची जाडी दुप्पट झाली की उष्णता आत पोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. वेग फार असला तर बाहेरचे कवच आधी घट्ट होते, गाभा मागे राहतो आणि तडे जातात. शिवाय वडी बांधण्यासाठी घातलेला चिकट पदार्थ जळून जाईपर्यंत कुंभाराचाच मंद जाळ हवा. दोन्ही वाटांच्या सक्रियण ऊर्जेत फारसा फरक नसेल, तर घाईचा लाभही फारसा होत नाही.

२०१० मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात कोलोना, राश्कोव्हा व राज यांनी झिर्कोनियाला सेंटिमीटरला १२० व्होल्टचे विद्युत्क्षेत्र लावले, आणि ८५० अंशांच्या भट्टीत ती ५ सेकंदांच्या आत घट्ट झाली. करामत विजेचीच, असे पुष्कळांना वाटले. पण वीज वाहू लागताच नमुना भट्टीपेक्षा कितीतरी अधिक तापतो, तोही क्षणार्धात. २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या टॉड व सहकाऱ्यांनी विद्युत्क्षेत्र न लावता, केवळ तितक्याच झपाट्याने झिर्कोनिया तापवली. घट्ट होण्याचा वेग जवळजवळ तसाच मिळाला.